फरशीआधी पाण्याची वाट

मोरी पाडून तिथे न्हाणीघर करायचे ठरले, की आमच्या वस्त्यांतून पहिली चर्चा होते ती टाईल्सच्या रंगाची. बहुतेक घरांत ही जागा ४ बाय ५ फुटांची. तिथेच आंघोळ, तिथेच धुणे, कधी संडासचे भांडेही. म्हणजे सगळी जमीन ओली राहणार. अशा ठिकाणी आधी उतार ठरवावा, रंग मागाहून. हा हिशेब घरातील भगिनींनी स्वतः समजून घ्यावा. कारण पुढे रोज खराट्याने पाणी ढकलायचे काम मिस्त्रीकडे नसते, ते त्यांच्याच वाट्याला येते. (पुरुषांनीही ढकलावे, पण तो विषय वेगळा.)

हिशेब चौथीच्या मुलाला जमेल असा आहे. एका फुटाला पाव इंच उतार धरावा. नहाणी दारापासून लांबच्या कोपऱ्यात, शक्यतो बाहेरच्या भिंतीलगत घ्यावी. दाराच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर जेमतेम साडेसहा फूट भरते, म्हणजे दार आणि जाळी यांच्या पातळीत दीड इंचाहून थोडा अधिक फरक हवा. खुद्द नहाणीच्या भांड्याला चार-पाच इंच खोली लागते. तिथून निघणाऱ्या पाईपलाही फुटाला पाव इंच उतार लागतो. ही सगळी बेरीज कागदावर मांडली, की जमीन किती वर येणार ते तोडफोडीआधीच कळते. नहाणी दाराकडे घेतली तर पाईप लांबतो, जमीन चढते आणि शेवटी दारात सहा इंचांचा उंबरा उभा राहतो. वरच्या मजल्यावर स्लॅब फोडून पाईप खाली दाबण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. खाली दुसऱ्याचे घर आहे.

उंबऱ्याबद्दल आमचे मत ठाम आहे. घरात म्हातारे माणूस असेल तर उंबरा नकोच. ओल्या पायाने उंबरा ओलांडताना पडून खुब्याचे हाड मोडले, की त्या माणसाचे उरलेले आयुष्य खाटेवर जाऊ शकते. त्याऐवजी दारालगत लांबट जाळीची पन्हळ घ्यावी आणि बाहेरच्या खोलीची फरशी केसभर उंच ठेवावी. मात्र त्या पन्हळीची खोली आणि तिच्या पाईपचा उतारही वरच्या बेरजेत धरावा लागतो. हाताला धरायचा दांडा कुठे येणार तेही टाईल्सआधीच सांगावे. नंतर भिंतीला भोके पाडली तर तिथूनच ओल धरते.

काम लवकर उरकायला काही जण नुसती जाळी बसवून पाईप थेट चेंबरला जोडतात. तसे करू देऊ नये. नहाणीच्या भांड्यात दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहते आणि तेच गटाराचा वास व झुरळे अडवते. उन्हाळ्यात महिनाभर गावी गेलात तर ते पाणी आटते. आल्यावर एक तांब्या ओतला की पुरे. जाळी उचलून केस काढायची सवय मुलांनाही लावावी. तुंबले की कोणाला तरी चार पैसे देऊन चेंबरमध्ये उतरवायचे, हा विचार मनातही आणू नये. गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षिततेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कामात कोणाची मुले मेली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

वॉटरप्रूफिंग जमिनीवर आणि चारही भिंतींवर फूटभर, शॉवरच्या बाजूला डोक्याइतके करून घ्यावे. ते सुकल्यावर नहाणी कापडाने घट्ट बंद करावी, दारात विटांचा तात्पुरता बांध घालावा आणि दोन इंच पाणी ४८ तास उभे ठेवावे. खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगून त्यांचे छत दोन्ही दिवस पाहून यावे. छत कोरडे राहिले तरच टाईल्स लावायला सांगावे. टाईल्स बसल्यावर दाराशी एक बादली ओतून पाहावी, आणि कुठेही डबके राहिले तर मिस्त्रीचा शेवटचा हप्ता तेवढा थांबवून ठेवावा.