विश्लेषण : मदतपथकांनी विसावायचे कुठे? न्यूयॉर्कच्या जुन्या चर्चमधून आखाडा बाळापूरने काय घ्यावे?

मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्हा भूकंपाने हादरला. मोठी आपत्ती आली तर बेघरांच्या निवाऱ्याचा विचार होतो. पण ढिगारा उपसणाऱ्यांनी पाठ टेकायची कुठे, हा प्रश्न मागेच राहतो. या प्रश्नाचे एक उत्तर २००१ मध्ये न्यूयॉर्कमधील एका चर्चने दिले होते.

हिंगोलीत काय घडले होते?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ रिश्टर स्केलचे दोन धक्के बसले. पहिल्याचे केंद्र आखाडा बाळापूर परिसरातील जांब गावाजवळ होते. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असे आवाहन तेव्हा प्रशासनाने केले. १० जुलै रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातच रामेश्वर तांड्याजवळ होते. जीवितहानी झाली नाही, पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. दगड-मातीची घरे कोसळून तेव्हा आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली.

न्यूयॉर्कच्या चर्चने काय केले?

सेंट पॉल्स चॅपल १७६६ मध्ये उभे राहिले. ३० एप्रिल १७८९ रोजी शपथ घेतल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी इथेच प्रार्थना केली. ११ सप्टेंबर २००१ रोजी समोरचे जुळे मनोरे कोसळले, तरी ही वास्तू उभी राहिली. पुढे आठ महिन्यांहून अधिक काळ तिची दारे अग्निशमन जवान, पोलीस आणि मजुरांसाठी रात्रंदिवस उघडी होती. स्वयंसेवक पाळ्या लावून गरम जेवण वाढत. कामगार बाकांवरच झोपत. त्यांच्या बुटांचे ओरखडे लाकडावर उमटले. धुमसत्या ढिगाऱ्यावर चालून पायांना जखमा होत. त्यांच्यावर उपचार होत ते वॉशिंग्टन यांच्यासाठी राखलेल्या जागेत.

विसाव्याला एवढे महत्त्व का?

थकलेला माणूस धोका उशिरा ओळखतो आणि स्वतःच जखमी होतो. शोधकार्य महिनोन्‌महिने चालले, तर जवळची झोप, जेवण, मलमपट्टी आणि मनावरचा ताण हलका करणारे कोणी, हा कामाचाच भाग ठरतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची राज्यातील तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. इतक्या लांबून आखाडा बाळापूरला आलेल्या जवानांना पहिल्याच दिवशी जागा शोधत फिरावे लागू नये.

मग कोणतीही जुनी वास्तू चालेल?

नाही. त्याच दिवशी जवळचे सेंट निकोलस हे छोटे ग्रीक चर्च दक्षिण मनोऱ्याखाली चिरडले गेले. भूकंपात तर पहिल्या धक्क्यातून वाचलेली इमारतही नंतरच्या धक्क्यांत पडू शकते. त्यामुळे मंदिर, मठ, मशीद असो वा मंगल कार्यालय. अभियंत्यांनी तपासल्याशिवाय तिथे कोणालाही झोपवणे धोक्याचे.

आपल्याकडे काय करता येईल?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार मदतकेंद्रांसाठी इमारती आधीच निश्चित करून तिथे पाणी व स्वच्छतेची सोय करणे हे जिल्हा प्राधिकरणाचे काम आहे. शाळा बहुधा बेघर कुटुंबांनी भरतात. म्हणून पथकांसाठी वेगळी जागा हवी. हिंगोली-नांदेड रस्त्यावरील आखाडा बाळापुरात अशी एक-दोन ठिकाणे ठरवता येतील. किल्ली कोणाकडे, पाण्याची टाकी किती मोठी, वीज गेल्यास जनरेटर कुठला, स्वयंपाक कोण करणार, हे कागदावर असावे. पंगतींची सवय असलेल्या गावाला शेकडो माणसांचे जेवण नवे नाही. न्यूयॉर्कमध्ये हे सारे आपत्तीनंतर जमवावे लागले. धक्के अनुभवलेल्या हिंगोलीला ते आधीच ठरवता येईल.