पदवीधर मतदारसंघातील वैद्य उमेदवार : पाठिंब्यापूर्वी काही विचार

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक जवळ आली, की एरवी आपल्या संघटनेच्या कार्यालयाकडे न फिरकणारी मंडळी पुष्पगुच्छ घेऊन येऊ लागतात. मागील निवडणुकीच्या वेळी असेच एक इच्छुक आले होते. फरक इतकाच, की ते स्वतः आयुर्वेदाचे पदवीधर आणि नोंदणीकृत व्यवसायी होते. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी अर्धा तास भाषण केले. वैद्याचे मत वैद्यालाच, हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडताच टाळ्या झाल्या. पाठिंब्याच्या पत्राचा मसुदा तयारच होता. प्रस्तुत लेखकाने त्यावर स्वाक्षरी केली नाही. त्यामुळे काही ज्येष्ठ व्यवसायबंधूंची नाराजी ओढवली आणि ती अजून पुरती शमलेली नाही. हाच प्रसंग पुन्हा उद्भवणार हे उघड आहे. म्हणून स्वाक्षरी न करण्यामागील कारणे लिहून ठेवणे इष्ट वाटते.

प्रथम या जागेचे स्वरूप पाहू. आपल्या विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, ७ पदवीधरांकडून व ७ शिक्षकांकडून निवडले जातात. उरलेले १२ राज्यपालनियुक्त असतात. वाङ्मय, शास्त्र, कला, सहकारी चळवळ व समाजसेवा ही नियुक्तीची क्षेत्रे राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदात दिली आहेत. वैद्यक व्यवसायाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणून पदवीधरांच्या सात जागांकडे आपले लक्ष लागणे स्वाभाविक आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पदवीधर मतदारसंघातील उमेदवार स्वतः पदवीधर असलाच पाहिजे, असे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच तसा निर्वाळा दिलेला आहे. म्हणजे पदवी ही मतदाराची पात्रता आहे, उमेदवाराची नव्हे. मग उमेदवाराची बी.ए.एम.एस. ही पदवी एवढ्याच आधारावर आपण त्याच्या पारड्यात मत टाकावे काय?

चरकाचार्यांनी आप्ताचे वचन प्रमाण मानले; परंतु आप्त कोणास म्हणावे, याची कसोटीही सांगून ठेवली. रज व तम या दोषांपासून जो मुक्त, तो आप्त. निवडणुकीच्या उमेदवाराकडून एवढी अपेक्षा कोणी धरीत नाही! तरीही त्याने आजवर काय केले आणि निवडून आल्यावर प्रथम कशास हात घालणार, हे दोन प्रश्न विचारणे आपले कर्तव्य ठरते. संपत्ती, कर्जे, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे यांची माहिती शपथपत्रातून मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे ती जाहीर करणे उमेदवारावर बंधनकारक झाले आहे. परंतु दोन दशकांच्या व्यवसायात या मनुष्याने व्यवसायबंधूंच्या एखाद्या अडचणीसाठी मंत्रालयाची पायरी चढली काय, हे शपथपत्रात लिहिलेले नसते. ते आपणच विचारावयाचे असते. त्या बैठकीत ते कोणी विचारले नाही.

आता त्यांच्या भाषणाकडे वळू. शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर स्नातकांना शस्त्रक्रियेचे अधिकार, अभ्यासक्रमात सुधारणा, औषधांच्या जाहिरातींवरील निर्बंधांत सवलत आणि शासकीय सेवेत रिक्त पदांची भरती, अशी चार आश्वासने त्यांनी दिली. पहिल्या विषयाचा निर्णय भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये ५८ शल्यकर्मांची यादी प्रसिद्ध करून घेतला. त्यात राज्य विधिमंडळाचा हात नव्हता. अभ्यासक्रमाचे किमान निकष पूर्वी ही परिषद ठरवीत असे आणि २०२० च्या कायद्यानंतर भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग ठरवितो. जाहिरातींसंबंधीचा १९५४ चा कायदा तर संसदेचाच. चारांपैकी तीन आश्वासने ज्या सभागृहात पूर्ण होणे नाही, तेथे जाण्यासाठी ते आपली मते मागत होते. हे अज्ञान असेल तर ते गंभीर आहे. जाणूनबुजून असेल तर अधिकच.

याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी जे सांगितले नाही ते. आधुनिक औषधे वापरण्याच्या अधिकाराबद्दल त्यांच्या भाषणात एक अक्षरही नव्हते. वस्तुतः आपल्या व्यवसायाशी संबंधित जे थोडे विषय खरोखर राज्याच्या हाती आहेत, त्यांत हा अग्रगण्य. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील तरतुदीचा आधार घेऊन राज्य शासनाने १९९२ व १९९९ मध्ये यासंबंधी आदेश काढले. मुख्तियार चंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले, की असा अधिकार राज्याच्या वैद्यक व्यवसायविषयक कायद्यात मान्य केलेला असेल तरच त्या तरतुदीचा लाभ मिळू शकतो. म्हणजे किल्ली राज्याच्या कायद्यात, अर्थात विधिमंडळात. होमिओपॅथी व्यवसायींसाठी २०१४ मध्ये आपल्याच विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची वाट काढून दिली, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

हे मौन का, याचा उलगडा नंतर त्यांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा झाला. कपाटात प्रतिजैविके होती, शिरेतून द्यावयाच्या बाटल्या होत्या. आसव-अरिष्टांची एकही बाटली दिसली नाही. याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. आडगावी रात्री-अपरात्री उलटी-जुलाबाने गळून गेलेले मूल समोर आल्यावर वैद्याला काय काय करावे लागते, हे मी स्वतः अनुभवलेले आहे. मात्र ज्याचा सारा व्यवसाय या एका अधिकारावर उभा आहे, त्याने व्यासपीठावर शास्त्राच्या गौरवाची भाषा करावी आणि या प्रश्नावर अवाक्षर काढू नये, हे मला रुचले नाही. शुद्ध आयुर्वेदाचा आग्रह धरणारे सदस्य दुखावतील, अशी भीती त्यांना वाटली असावी. पण दोन्ही पक्षांचे लोक आपल्या संघटनेत आहेत. जो उमेदवार आपल्यासमोर स्पष्ट भूमिका घेऊ शकत नाही, तो सभागृहात आधुनिक वैद्यकाच्या संघटनांचा विरोध कसा पेलणार?

फार्मसीचालक बंधूंच्या पदरी तर एक वाक्यही पडले नाही. औषधनिर्मितीचा १९४० चा कायदा केंद्राचा खरा; परंतु परवाना देणारी, तपासणी करणारी, नमुने घेणारी यंत्रणा राज्याची आहे. परवाना मिळण्यास किती दिवस लागतात, नमुन्याचा अहवाल केव्हा हाती येतो, तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास भस्म व पर्पटी यांतील भेद कळतो काय, हे सर्व तारांकित प्रश्नाचे विषय आहेत. कच्च्या मालाचेही तसेच. खऱ्या अशोकाची साल मिळेनाशी झाली आहे आणि तिच्या नावाखाली भलतीच साल बाजारात येते, हे अशोकारिष्ट करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. वनविभागाच्या जमिनीवर औषधी वृक्षांची लागवड किती झाली आणि त्यातील जगली किती, हे विधान परिषदेत विचारता येते. शेड्यूल टी २००० मध्ये आल्यापासून लहान फार्मसीवर जागा, यंत्रसामग्री व नोंदवह्यांचा जो भार पडला, त्याबाबत नियम बदलणे राज्याच्या आमदाराच्या हाती नाही. परंतु अंमलबजावणीत लहानमोठ्यांना एकच फूटपट्टी कशी लावली जाते, हे सभागृहाच्या निदर्शनास आणणे निश्चितच त्याच्या हाती आहे.

विधान परिषदेच्या मर्यादाही विसरून चालणार नाही. विधानसभेने संमत केलेले सामान्य विधेयक ती पहिल्या वेळी तीन महिने व दुसऱ्या वेळी एक महिना लांबवू शकते. धनविधेयकाबाबत केवळ चौदा दिवस. अंतिम शब्द विधानसभेचा. म्हणून परिषदेतील चांगला सदस्य ओळखला जातो तो प्रश्न, लक्षवेधी सूचना, अशासकीय विधेयक आणि मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा यांवरून. हे काम चिकाटीचे, कंटाळवाणे आणि प्रसिद्धी न देणारे आहे. जीर्णज्वराची चिकित्सा करणाऱ्याची वृत्ती त्यास लागते.

वैद्याने निवडणूक लढवूच नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मुंबईत व्यवसाय केलेले पंडित शिव शर्मा १९६७ मध्ये विदिशातून लोकसभेवर निवडून गेले. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेचा कायदा १९७० मध्ये झाला, तो त्याच लोकसभेच्या काळात. परंतु शिव शर्मा संसदेत गेले ते आयुर्वेदाच्या मान्यतेसाठी प्रदीर्घ काळ झगडल्यानंतर. आधी काम आणि मग उमेदवारी, हा क्रम तेथे होता.

आता स्वतःच्या चुकीबद्दल. मतदानाच्या दिवशी मी केंद्रावर गेलो तेव्हा यादीत माझे नावच नव्हते. पूर्वी एकदा नोंदणी केली होती, ती कायम राहते असा माझा समज. पदवीधरांची मतदारयादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते आणि प्रत्येक वेळी नमुना क्रमांक १८ मधील अर्ज नव्याने भरावा लागतो, हे मला त्या दिवशी कळले. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात. विवाहानंतर नाव बदललेल्या वैद्य भगिनींनी नावबदलाचा पुरावाही जोडावा. चौकशी केली तेव्हा समजले, की बैठकीत टाळ्या वाजविणाऱ्या अकरा जणांपैकी केवळ चौघांची नावे यादीत होती. त्या चौघांपैकीही एकाने, स्वतःच्याच सांगण्याप्रमाणे, पसंतीचा १ हा अंक न लिहिता सवयीने बरोबरची खूण केली. ते मत बाद ठरले असणार. येथे पसंतीक्रम अंकातच आणि केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच नोंदवावा लागतो.

पुढील निवडणुकीत प्रत्येक इच्छुकास, तो वैद्य असो वा नसो, चार-पाच लेखी प्रश्न पाठवावेत, त्यांची लेखी उत्तरे या त्रैमासिकात जशीच्या तशी छापावीत आणि त्यानंतरच पाठिंब्याचा विचार व्हावा, असे पत्र मी कार्यकारिणीस दिले आहे. प्रश्नांत आधुनिक औषधांचा अधिकार व फार्मसी परवाने हे दोन विषय असावेत, असा आग्रहही धरला आहे. पत्र पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे. सदस्यांनी आपली मते, अनुकूल वा प्रतिकूल, तत्पूर्वी कार्यवाहांकडे लेखी पाठवावीत.