विश्लेषण : संघ चॅम्पियन, पण ट्रॅकच गेला! ब्रिटनमधील ‘स्पीडवे’ आर्थिक संकटात का?

स्विंडनचा संघ २०१९ मध्ये ब्रिटनच्या स्पीडवे लीगचा विजेता ठरला. त्यानंतर त्याच्या ट्रॅकवर एकही हंगाम झालेला नाही. पीटरबरो २०२१ मध्ये विजेता ठरला आणि २०२३ नंतर त्याचाही ट्रॅक गेला. जिंकणारे संघही बेघर का होत आहेत?

स्पीडवे म्हणजे काय?

दगडाच्या बारीक भुग्याचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या. मोटारसायकल ५०० सीसीची, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाही. वळणावर मागचे चाक घसरवतच वेग सांभाळायचा. एक शर्यत जेमतेम मिनिटभराची. ब्रिटनमध्ये हा खेळ १९२८ पासून रुजला.

जागा कोणाची?

खरी अडचण इथे आहे. बहुतेक संघ भाडेकरू आहेत. वुल्व्हरहॅम्प्टनचा संघ ग्रेहाउंड शर्यतींच्या स्टेडियममध्ये खेळत असे. स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीने करार संपवला आणि २०२३ हा तिथला शेवटचा हंगाम ठरला. पीटरबरोच्या जागेवर घरबांधणीचा प्रस्ताव आला. कॉव्हेंट्रीचे स्टेडियम २०१६ नंतर बंद पडले. तिथल्या घरबांधणीला स्थानिक कौन्सिलने २०२२ मध्ये नकार दिला, तरी शर्यती परतल्या नाहीत. जमीनमालकाच्या हिशेबात आठवड्यातून एका संध्याकाळच्या भाड्यापेक्षा घरे केव्हाही फायद्याची.

जिंकणे महाग कसे?

लीगच्या सामन्यात साधारण १५ शर्यती होतात. प्रत्येक शर्यतीत ३, २, १, ० असे गुण, म्हणजे एकूण ९०. रायडरचे मानधन बहुतांशी गुणांवर ठरते. त्यामुळे ४६-४४ पेक्षा ५५-३५ असा विजय संघाला जास्त महाग पडतो, तिकीटविक्री मात्र तेवढीच. डॉक्टर आणि रुग्णवाहिका नसेल तर शर्यत सुरूच होत नाही. पाऊस आला की सामना रद्द. तिकिटाचे पैसे गेले, तयारीचा खर्च मात्र झालेला.

पोलंडमध्ये चित्र वेगळे का?

तिथे अनेक स्टेडियम शहर प्रशासनाच्या मालकीची आहेत. टोरुन शहराने २००९ मध्ये खास स्पीडवेसाठी सुमारे १५ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभारले. टीव्ही हक्क आणि प्रायोजकांचा पैसाही मोठा. म्हणून आघाडीचे रायडर शुक्रवार-रविवार पोलंडला देतात. ब्रिटनच्या वाट्याला सोमवार, गुरुवारसारखे कामाचे दिवस उरतात आणि त्याचा फटका प्रेक्षकसंख्येला बसतो.

सरकारी स्टेडियम हा उपाय आहे का?

अर्धाच. मँचेस्टरच्या कौन्सिलच्या पुढाकाराने २०१६ मध्ये नवे स्टेडियम झाले. पण ट्रॅक असुरक्षित ठरल्याने पहिलाच सामना रद्द करावा लागला आणि त्याच वर्षी संघ चालवणारे आर्थिक अडचणीत आले. संघ मात्र टिकला. नवे चालक आले, कारण ट्रॅक जागेवर होता. पीटरबरो, वुल्व्हरहॅम्प्टनकडे तेवढेच नव्हते. तोट्यातला संघ दुसरा कोणी विकत घेऊ शकतो. घरांखाली गेलेला ट्रॅक परत येत नाही.