कॉफीचं यंत्र : बटणाचं की दांड्याचं?

मैत्रिणींनो, बडनेऱ्याच्या एका भगिनीचं पत्र आलंय. "ताई, भिशी लागली. चिखलदऱ्याच्या भाजलेल्या कॉफीबिया आणल्यात. लेक म्हणते, ऑटोमॅटिक घे, बटण दाबलं की झालं. हे म्हणतात, चहाच्या घरात यंत्र काहून? पण माझ्या एकटीच्या आवडीचं असं घरात पहिल्यांदाच काही येणार आहे. चुकलं तर जन्मभर ऐकावं लागेल."

आधी एक घोळ मिटवू. लग्नाच्या मांडवात फुस्स करून जी मिळते, वर कोकोची चिमूट असते, तिला आपण एस्प्रेसो म्हणतो; पण ती वाफेनं फेसाळलेली दुधाची कॉफी. खरी एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून 90 ते 95 अंशांचं पाणी 9 बारच्या आसपास दाबानं ढकलून 25-30 सेकंदांत काढलेला दाट काळा घोट. दूध मग हवं तर घाला.

ऑटोमॅटिकमध्ये बिया वर ओतल्या की दळणं, दाबणं, पाणी सोडणं यंत्रच करतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पूड आपण जाळीत भरायची, दट्ट्यानं दाबायची, दांडा अडकवायचा आणि बहुतेक यंत्रांत धार कधी थांबवायची तेही आपणच बघायचं. सुरुवातीला चव बिघडते. कडू झाली तर दळण जरा जाड करा, आंबट-पाणचट झाली तर बारीक. पहिली भाकरी तरी आपल्याला कुठं गोल आली होती?

बिया मिक्सरमध्ये मात्र दळू नका. थोडी पूड होते, थोडी कणी राहते, नि पाणी कणीतून वाट काढून पळतं. कॉफीची चांगली हातचक्की घ्या. यंत्रासोबत दुहेरी तळाची जाळी मिळाली तर उत्तम. दळणातली चूक ती बरीच सांभाळून घेते.

बटणवालं यंत्र कष्ट वाचवतं, हे अर्धंच खरं. चोथ्याचा डबा रिकामा करायचा राहिला तर बुरशी येते. दुधाची नळी लगेच धुतली नाही तर आपल्या वैशाखात काय वास सुटेल, सांगायला नको. शिवाय बिघडलं की गल्लीतल्या मिस्त्रीच्या हातचं काम नाही. माझ्या बहिणीचं यंत्र दुरुस्तीला नागपूरला गेलं, ते दीड महिन्यानं परतलं!

बोअरचं जड पाणी तर दोन्हींना नकोच. गिझरच्या कॉइलवर धरतो तोच पांढरा थर आत धरतो. गाळलेलं मऊ पाणी वापरा आणि माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे वेळोवेळी क्षार काढा.

तेव्हा माझं म्हणणं, सेमी घ्या. ऑटोमॅटिक कितीतरी महाग असतं. त्या फरकात चक्की येईल, वर भिशीचे पैसेही उरतील. मनगट दुखत असेल, किंवा सकाळी सहा जणांना एकदम कप हवे असतील, तर मात्र लेकीचं ऐका.

यंत्र 1500 वॉटच्या घरात असेल तर साध्या 6 ॲम्पियरच्या प्लगवर लावू नका, 16 चा पॉइंट हवा. तो आधी बसवून घ्या. आणि पहिले आठ दिवस यजमानांना कप देऊ नका. हात बसू द्या, मग वासानं तेच स्वयंपाकघरात येतील.