तराफा डोक्यावर वाहू नये

भौतिकशास्त्र निसर्गाचे जसेच्या तसे चित्र काढीत नाही. असंख्य गोष्टी बाजूला ठेवून ते एक-दोन कारणे निवडते आणि त्यांवर साधे प्रारूप, म्हणजेच मॉडेल, उभे करते. ही त्याची उणीव नव्हे, सामर्थ्य आहे. परंतु प्रारूपालाच निसर्ग मानले की विज्ञानाची पोथी होते.

मोसमी पावसाचे उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापूस त्याच्यावरच जगतो. एडमंड हॅले यांनी १६८६ मध्ये मांडलेले प्रारूप आजही शाळेत शिकवले जाते. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते, समुद्रावरची बाष्पयुक्त हवा तिची जागा घेते आणि पाऊस पडतो.

पण विदर्भातील कोणतेही मूल विचारू शकते : जमीन सर्वाधिक तापते ती मे महिन्यात, मग पाऊस तेव्हाच का पडत नाही? दुष्काळात तर ती अधिकच तापते! पुण्यात जन्मलेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी हेच आक्षेप ठामपणे मांडले. डी. आर. सिक्का यांच्यासह १९८० मध्ये उपग्रहचित्रे अभ्यासून त्यांनी दाखवले की, ढगांचा पूर्व-पश्चिम पट्टा विषुववृत्ताकडील समुद्रावरून वारंवार उत्तरेकडे भारतीय भूमीवर सरकतो. नुसती उष्णता पुरत नाही. ओलावा आणि वर चढणारी हवा घेऊन हा पट्टा यावा लागतो. हेही प्रारूपच आहे; मात्र मे महिन्याच्या प्रश्नापुढे ते टिकते.

तथागतांनी खुद्द धम्माविषयी तराफ्याचा दृष्टांत दिला आहे. नदी ओलांडण्यासाठी तराफा बांधावा. पैलतीरी पोहोचल्यावर तो डोक्यावर वाहू नये. हॅले यांचे प्रारूप वगळावे, असे माझे म्हणणे नाही. जमीन व समुद्र वेगवेगळे तापतात, हे समजण्यास ते आजही उपयोगी आहे. परंतु प्रत्येक प्रारूपासोबत त्यात काय वगळले, ते कोठे चालते आणि कोठे अडते, हेही शिकवले पाहिजे.

'ग्रंथात आहे म्हणून माना,' असे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. त्या ग्रंथाच्या जागी आता पाठ्यपुस्तक बसू नये. शेतकरी-शेतमजुरांच्या घरातून आलेल्या आपल्या मुलांनी मे महिन्याचे ऊन अंगावर घेतले आहे. त्यांचा तो अनुभव हा पुरावाच आहे. म्हणून शिक्षकांना, पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : मुलाने असा प्रश्न विचारला, तर 'परीक्षेत पुस्तकातले लिही' म्हणून त्याला गप्प बसवू नका. त्याच्यासोबत उत्तर शोधा.