खाजेची रात्र आणि मलमाची नळी

बारडोलीत उसाचे गळीत सुरू होते, हवा कोरडी होऊ लागते आणि घरोघरी बाळे रात्रभर खाजवतात. हा पुष्कळदा इसबाचा 'अ‍ॅटोपिक' प्रकार असतो. त्यात त्वचेची बाहेरची भिंतच कच्ची असते. ओल टिकत नाही आणि दाह वाढतो. हा रोग संसर्गजन्य नाही, तेव्हा अशा मुलाला कोणी दूर बसवू नये.

गेल्या थंडीत आम्हीही चुकलो. शेजारून आलेली मिश्र मलमाची नळी नातवाच्या गालाला लावली. दोन दिवसांत गाल निवळला. महिन्याभरात कातडी पातळ, लालबुंद झाली. स्टेरॉइड 1952 पासून इसबावर उपकारक ठरले आहे. परंतु त्याची ताकद, जागा आणि दिवस वैद्याने ठरवावेत. केंद्र सरकारने 2018 साली अशा चौदा मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीला मनाई केली, ती उगाच नव्हे.

मूळ उपचार साधाच आहे: कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, उटणे वर्ज्य, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन. चेहऱ्याच्या नाजूक त्वचेसाठी टॅक्रोलिमस आहे. त्याने कातडी पातळ होत नाही. तीव्र रोगासाठी अमेरिकेत 2017 साली डुपिलुमॅबची टोचणी आणि 2022 साली अब्रोसिटिनिबसारख्या गोळ्या संमत झाल्या. ही औषधे महाग आहेत. गोळ्यांसाठी रक्ततपासणीही लागते. ती तज्ज्ञांच्याच देखरेखीखाली घ्यावीत.

वाचकहो, रोग मुळासकट उपटणारे औषध अद्याप नाही. पण पुष्कळ मुलांचा त्रास वयाबरोबर ओसरतो. तोवर धीर धरावा, आणि उसनी नळी मात्र परत करावी.