निवेदन : माहितीचोरीनंतरची मदतयंत्रणा तोरणमाळात उभी करणेबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार

महोदय,

देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिले गेले. पुढे रेशन आणि खात्यातले पैसे अंगठ्यावर आले. तो अंगठाच चोरीला गेला तर दाद कुठे मागायची, हे तोरणमाळच्या ग्रामस्थांना कोणी सांगितलेले नाही. तक्रारी झाल्या, ‘लवकरच शिबिर लावू’ असा शब्द मिळाला. शिबिर लागले नाही.

ही भीती पोकळ नाही. 2022 मध्ये सायबराबाद पोलिसांनी पकडलेल्या टोळीने आंध्र प्रदेशच्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवले, त्यांवरच्या अंगठ्यांचे सिलिकॉनचे ठसे बनवले आणि आधार जोडलेल्या खात्यांतून पैसे काढले. ना ओटीपी लागला, ना एटीएम कार्ड. पासवर्ड बदलता येतो, अंगठा जन्मभर तोच राहतो. त्यात पाड्यावर मोबाइल असला तर रेंज नसते, रेंज असली तर मेसेज इंग्रजीत. पासबुक भरायला घाट उतरावा तेव्हा चोरी कळते आणि पैसे अडवण्याची वेळ निघून गेलेली असते. मग बँक पोलिसांकडे पाठवते, पोलीस बँकेकडे. प्रत्येक फेरीला एक मजुरी बुडते. ‘अर्ज पुढे पाठवला आहे’ हे उत्तर ग्रामस्थांनी पुरेसे ऐकले. तो अर्ज कोणाच्या टेबलावर आहे, हे मात्र कळत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ला झाला आणि 94 कोटींहून अधिक रुपये गेले. बँकेने व्यवहार थांबवले, फिर्याद दिली आणि ठेवीदारांचे पैसे सुरक्षित असल्याचे जाहीर केले. 2023 मध्ये न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. शहरातल्या ठेवीदाराला मिळालेला हा खुलासा आणि धीर डोंगरातल्या खातेदारालाही मिळायला हवा. तोरणमाळच्या महाशिवरात्रीच्या यात्रेआधी कोणी कुठे उभे राहायचे हे ठरते, तसे अंगठ्याच्या चोरीबाबतही कोणी काय करायचे हे आधीच ठरावे.

म्हणून मागण्या अशा :

1. अंगठ्याच्या चोरीची तक्रार तोरणमाळातच घ्यावी, त्याच दिवशी पोच द्यावी आणि खात्यातले व्यवहार तिथूनच थांबवावेत. जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व फोन ग्रामपंचायतीत लावावा.
2. आधारचा अंगठा लॉक-अनलॉक करणे भिली व पावरीतून शिकवावे. लॉक असताना कोणाचे रेशन अडू नये.
3. लोकांची माहिती सांभाळणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने माहिती चोरीला गेल्यास काय करायचे याचा वर्षातून एकदा सराव करावा.
4. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकाचे फलक लावावेत.

शिबिराचे आश्वासन एकदा मिळून झाले. या वेळी तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले,
तोरणमाळ परिसरातील ग्रामस्थ